आतड्यांतील जीवाणू व रोगप्रतिकारशक्ती

पचनाला हातभार लावतानाच शरीराची संरक्षणयंत्रणा घडवणारा व ताब्यात ठेवणारा जीवाणूंचा समुदाय. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जीवाणू असतात. बहुतेक मोठ्या आतड्यात.

कार्य : लहान आतड्यात न पचलेला तंतुमय भाग हे जीवाणू आंबवतात. त्यातून बनणारे ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन. त्याने अस्तर बळकट राहते आणि दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशींना चालना मिळते. जागा व अन्न आधीच व्यापलेले असल्याने रोगजंतूंना पाय रोवणे अवघड जाते. जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांत आतड्यातील लसिकाभ ऊती खुरटी राहते व आयजीए प्रतिपिंडे कमी बनतात.

मराठवाड्यातील आहार : नांदेड-लातूरकडच्या ज्वारीच्या भाकरीत आणि तुरीच्या वरणात या जीवाणूंचे खाद्य भरपूर असते. डाळींतील रॅफिनोज शर्करा माणसाला पचत नाही. तिच्यावर जीवाणू पोसतात, म्हणूनच पोटात वायूही धरतो. मार्गशीर्षातील वेळ अमावास्येला (येळवस) लातूर भागात घरेच्या घरे शेतात जेवतात. पानात तुरीचे, वाटाण्याचे हिरवे दाणे व पालेभाज्या घालून बेसनात शिजवलेली भज्जी असते, सोबत आंबील. ज्वारीचे पीठ आंबवून शिजवतात आणि निवल्यावर त्यात ताक घालतात. त्यामुळे ताकातील लॅक्टिक जीवाणू जिवंत राहतात. ते आतड्यात सहसा कायमचे वस्ती करत नाहीत. म्हणून सणापेक्षा रोजचे ताक महत्त्वाचे.

संशोधन : पुण्याच्या आघारकर संशोधन संस्था व राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील संशोधकांनी भारतीयांच्या विष्ठेतून वेगळ्या केलेल्या मेगास्फेरा इंडिका या नव्या जातीचे वर्णन 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. ओडिशात 4,556 नवजात बालकांवर झालेल्या चाचणीत (2017) लॅक्टोबॅसिलस प्लांटारम व त्याचे पोषक खाद्य दिलेल्या गटात जंतुदोष वा मृत्यूचे प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आले.

जपणूक : आईच्या दुधातील विशिष्ट शर्करांवर बाळाच्या आतड्यातील बिफिडोबॅक्टेरिया वाढतात. प्रतिजैविके रोगजंतूंबरोबर उपकारक जीवाणूंनाही मारतात, त्यातून क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिलसारख्या जंतूंना वाव मिळतो. सर्दी-पडशासाठी औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेली प्रतिजैविके विषाणूंवर निरुपयोगी ठरतात आणि हा समुदाय मात्र विस्कटून टाकतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.