सांध्याची परीक्षा

मूर्तीची परीक्षा आणि बाहुल्याची परीक्षा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हें ऐकावयास सोपें वाटतें. परंतु आपल्याकडील कलाविषयक लेखनांत हा भेद फारसा पाळलेला दिसत नाहीं. मूर्ति स्थिर राहण्यासाठींच घडविलेली असते. तिचें प्रमाण, मुद्रा, वस्त्राच्या चुण्या, आणि रंग असल्यास रंग, इतकें पाहिलें म्हणजे परीक्षकाचें काम झालें. बाहुलें हालविण्यासाठीं केलेलें असतें. त्याची घडण उत्तम असेल, रंग मोहक असेल, परंतु मान वळवितांना अडत असेल, किंवा उचललेला हात खांद्यापाशीं लुळा पडत असेल, तर बाहुलें म्हणून तें फसलेंच. घडण, रंग आणि सांधे या तीन कसोट्यांपैकीं पहिल्या दोहोंविषयीं आपण पुष्कळ बोलतों. तिसरीविषयीं जवळ जवळ मौन असतें. आमच्या मतें बाहुल्याचा इतिहास हा मुख्यतः सांध्याचा इतिहास आहे. आणि हें मत गोदावरीच्या खोऱ्यांतील व महाराष्ट्रांतील इतर कांहीं उदाहरणांवरून पडताळून पाहावें, असा या लेखाचा हेतु आहे.

बीड जिल्ह्यांतील गेवराई तालुक्याची उत्तर सीमा गोदावरीनें आंखलेली आहे. या तालुक्यांतील उमापूर हें गांव आम्ही प्रारंभस्थान म्हणून मुद्दाम घेतों. येथून नदीच्या वरच्या अंगास जाऊं लागलें म्हणजे आपेगांव, पैठण, पुढें प्रवरेच्या कांठीं नेवासें आणि त्याच्याही वर दायमाबाद, अशीं स्थळें लागतात. आणि बाहुल्याच्या इतिहासांतील तीन चार महत्त्वाचे पुरावे या एकाच वाटेवर विखुरलेले आहेत. मराठवाड्याच्या खेड्यांत पोळ्यास मातीचे बैल पुजतात. उमापूरच्या मुलास आकृतीची पहिली ओळख या बैलानें होते. त्याची शिंगें, वशिंड आणि मान चांगली साधली आहे कीं नाहीं हें तें मूल अचूक सांगेल, आणि झुलीचा रंग कुठें ओघळला आहे हेंही सांगेल. सांध्याविषयीं मात्र त्याला विचारण्यासारखें कांहीं नाहीं. बैल एकजीव मातीचा. त्याची सारी गति मुलाच्या मुठींत असते. आकृतीच्या गतीची ही पहिली पायरी होय.

दुसरी पायरी दायमाबादची. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील श्रीरामपूर तालुक्यांत प्रवरेच्या कांठीं हें ताम्रपाषाणयुगीन स्थळ आहे. १९७४ सालीं तेथें झाडाचा बुंधा खणून काढतांना तांब्याच्या चार भरीव आकृति सांपडल्या: दोन बैल जोडलेला आणि उभ्या पुरुषानें हांकलेला रथ, हत्ती, गेंडा व रेडा. चौहोंचें मिळून वजन साठ किलोहून अधिक आहे. रथाची लांबी सुमारें ४५ सेंटिमीटर. त्यांतील पुरुष अवघा १६ सेंटिमीटर उंच. घडणीच्या कसोटीस या वस्तु सहज उतरतात. रेड्याचें जडत्व, गेंड्याच्या अंगाचा भार, सारथ्याची किंचित् ताणलेली उभी मुद्रा, हीं सर्व पाहणाऱ्याच्या ध्यानीं राहतात. विद्वानांत वाद झाला तो काळाविषयीं: म. के. ढवळीकर यांनीं त्या उत्तर हरप्पा काळाच्या मानल्या, तर धातूंत सोमलाचें प्रमाण एक टक्क्याहून अधिक असल्याच्या कारणावरून डी. पी. अग्रवाल यांनीं त्या प्राचीनत्वाविषयीं शंका घेतली.

हा वाद महत्त्वाचा आहे, यांत संशय नाहीं. परंतु आमचें लक्ष वेधतें तें चाकांकडे. रथास चाकें असणें साहजिक आहे. रेड्यास आणि गेंड्यास चाकें कशासाठीं? हत्ती ज्या पाटावर उभा आहे त्याची रचना रेड्याच्या पाटासारखीच असून त्याचे आंस व चाकें मात्र हरपलीं आहेत. इतकी जड वस्तु लहान मुलाच्या खेळण्यासाठीं खचित नव्हती. ती कुणी तरी, बहुधा कांहीं समारंभांत, ओढावी म्हणून केलेली असावी. कारागिरानें प्राण्याचे पाय हालते केले नाहींत. तसें करणें ओतीव धातूंत त्यास परवडलेंही नसतें. त्यानें गति अंगांतून काढून पायाखालीं ठेविली. आंस आणि चाक यांचा मेळ हाच या आकृतींचा एकमेव सांधा; आणि हत्तीचा तो सांधा गेल्यामुळें हत्ती आज केवळ मूर्ति होऊन बसला आहे. त्याची घडण तिळभरही उणी झालेली नसतां त्याची जात बदलली.

तिसऱ्या पायरीसाठीं गोदेचें खोरें क्षणभर सोडून भीमेच्या खोऱ्यांत जावें लागतें. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून पुढें अनेक वर्षें उत्खनन केलें. तेथें मातीच्या एका पेटींत शिर नसलेली स्त्रीची कच्च्या मातीची आकृति, आणि तिच्याबरोबर एक बैल, अशा वस्तु मिळाल्या. स्त्रीच्या पोटाशीं एक छिद्र आहे आणि बैलाच्या पाठीवर दुसरें. दोहोंमध्यें काडी घातली म्हणजे ती स्त्री बैलावर उभी राहते. देवता म्हणून तिच्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे आणि तें योग्यच आहे. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, दोन वेगळ्या आकृति काडीनें जोडतां व सोडवितां येतात, ही कल्पना येथें स्पष्ट झालेली आहे. छिद्र हें रूपाचा भाग नव्हे. उलट रूपास तें व्यंगच आहे. कारागिरानें रूपांत व्यंग पत्करलें तें जोडणीसाठीं. सांध्याचा मूळ करार हाच: रूपाचा थोडा त्याग केल्यावांचून हालचाल मिळत नाहीं.

हा करार न पत्करणारी परंपराही आपल्याकडे थोर आहे. सातवाहनकाळीं पैठण आणि तेर येथें पांढऱ्या मऊ मातीच्या पोकळ आकृति दोन सांच्यांत दाबून करीत. पुढचा अर्धा भाग एका सांच्यांत आणि मागचा दुसऱ्यांत. दोन्ही जुळवून भाजले कीं आकृति सिद्ध. केशरचना आणि अलंकार यांचें त्यांतील बारीक काम पाहिलें म्हणजे घडणीच्या बाबतींत कारागीर किती पुढें गेले होते हें कळतें. एका सांच्यांतून एकासारख्या एक कितीही आकृति निघतात. आजच्या कारखान्यांतील पुतळ्यांचा तोच मार्ग आहे. परंतु सांचा रूपाची संख्या वाढवितो, गति देत नाहीं. या आकृतींत जोडरेषा आहे, पण सांधा नाहीं. आणि जोडरेषा लपविण्यांतच त्यांच्या कारागिराचें कौशल्य आहे.

चौथी पायरी सूत्राची. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, नेवाशास सिद्ध झाली, आणि तींत साइखड्याच्या, म्हणजे दोरीनें नाचविण्याच्या, बाहुल्याचा दृष्टांत येतो. दृष्टांत श्रोत्यास पटावयाचा तर दृष्टांतांतली वस्तु त्याच्या नित्य परिचयाची असली पाहिजे; तेव्हां गोदेकांठच्या सामान्य माणसास तेराव्या शतकांत सूत्रावरचें बाहुलें ठाऊक होतें, असें मानण्यास हरकत नाहीं. संस्कृत साहित्यांत याहून जुनी साक्ष आहे. ज्याच्या पूर्वजास महाराष्ट्राचा चूडामणि म्हटलें आहे त्या राजशेखरानें बालरामायण नाटकांत सीतेचें असें बाहुलें आणलें आहे कीं, त्याच्या तोंडांत बोलकी सारिका बसविली आहे आणि रावण कांहीं काळ फसतो. रिचर्ड पिशेल या जर्मन पंडितानें १९०० सालीं 'सूत्रधार' या शब्दावरून संस्कृत नाटकाचा उगमच बाहुल्यांच्या खेळांत शोधला. तें अनुमान सर्वांनीं स्वीकारलें असें नाहीं. तथापि नाटकांतील सर्वांत मान्य पुरुषास दोरी धरणारा हें नांव मिळालें, ही गोष्ट विचार करण्यासारखी खरीच.

आतां सांधे किती असावेत हा प्रश्न. अधिक सांधे म्हणजे अधिक चांगलें बाहुलें, अशी समजूत होणें स्वाभाविक आहे. परंतु भारतांतील निरनिराळ्या प्रांतांचे दाखले तिच्या विरुद्ध आहेत. राजस्थानच्या कठपुतळीस बहुधा पायच नसतात; डोकें व धड एका लांकडाचें, हात कापडाचे भरलेले, आणि खालीं लांब घागरा. त्या घागऱ्याच्या फेऱ्यानेंच ती चालते असें वाटतें. ओरिसाच्या कुंढेईसही पाय नाहींत, पण सांधे अधिक आहेत. कर्नाटकाच्या गोंबेयाट्टांत खांदे, कोंपर, कंबर, गुडघे असे सर्व सांधे असून पांच ते सात दोऱ्यांनीं बाहुलें चालतें. तमिळ देशच्या बोम्मलाट्टमांतील बाहुलें साडेचार फूट उंच आणि दहा किलो वजनाचें असूं शकतें. त्याचा भार हातांस पेलत नाहीं म्हणून दोऱ्या लोखंडी कड्यास बांधून तें कडें सूत्रधार डोक्यावर घेतो. प्रत्येक ठिकाणीं कथेस ज्या हालचालीची गरज, तेथें सांधा. गरज नाहीं तेथें कापड. म्हणून परीक्षकानें सांधे मोजून थांबूं नये. सांधा कोणत्या प्रसंगासाठीं आहे, हें त्यानें विचारलें पाहिजे.

रंगाविषयींही असेंच म्हणतां येईल. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी येथील ठाकर कलावंत चित्रकथी, चामड्याच्या बाहुल्या आणि लांकडी कळसूत्री बाहुल्या असे तीनही प्रकार चालवीत आले आहेत. सावंतवाडीच्या भोसले संस्थानिकांचा त्यांस आश्रय होता. पैठणांत संग्राहकांस मिळालेलीं आणि म्हणून पैठणी म्हटलीं जाणारीं कथाचित्रें याच कुळांतलीं. त्यांतील विशाल डोळे, एका बाजूनें दाखविलेले चेहरे आणि ठसठशीत रेषा जवळून पाहणाऱ्यास भडक वाटतात. परंतु दिव्याच्या उजेडांत, दहा हातांवर बसलेल्या श्रोत्यास राम कोणता व रावण कोणता हें त्यांवरूनच कळावयाचें असतें. बाहुल्याचा रंगही त्याच अंतरावरून पारखला पाहिजे. शिवाय वापरांतल्या बाहुल्याचा रंग प्रथम उडतो तो सांध्यापाशीं, जेथें लांकूड लांकडावर घासतें. संग्राहक त्यास दोष मानून किंमत उतरवितो. इतिहासकारास मात्र तीच झीज हें बाहुलें खरोखर नाचलें याची सही वाटली पाहिजे.

मराठी रंगभूमीच्या आरंभीं याच कलेचा एक अध्याय आहे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं सांगलीस चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानें सीतास्वयंवर सादर करणारे विष्णुदास भावे हे बाहुल्या घडविण्यांतही निष्णात होते, आणि त्यांनीं हालत्या अवयवांच्या लांकडी बाहुल्या केल्या होत्या. सजीव नट रंगभूमीवर आले आणि त्या बाहुल्या मागें पडल्या. पुष्कळ काळानें रामदास पाध्ये यांनीं त्या दुरुस्त करून पुनः प्रेक्षकांपुढें आणिल्या. त्यांचे वडील यशवंत केशव पाध्ये यांचा अर्धवटराव तर महाराष्ट्राच्या घरोघरीं ठाऊक आहे. त्याचें सारें मोठेपण जबड्याच्या एका सांध्यांत आणि डोळ्यांच्या फिरण्यांत आहे, हें कोण नाकारील? भाव्यांच्या बाहुल्या टिकल्या त्या लांकडामुळें. परंतु जिवंत झाल्या त्या, दोरी कोठें बांधावी हें जाणणारा हात मिळाल्यामुळें.

पाश्चात्त्य देशांत १९६४ सालीं हासब्रो या कंपनीनें जी. आय. जो नांवाचा फूटभर उंचीचा शिपाई विकावयास काढला. मुलगे बाहुलीशीं खेळणार नाहींत या भीतीनें तिनें 'अॅक्शन फिगर' हा नवा शब्द रूढ केला. शब्द नवा, वस्तु मात्र सांध्यांचें जुनें बाहुलेंच. पुढें १९७८ सालीं केनर कंपनीनें 'स्टार वॉर्स' चित्रपटाचे पावणेचार इंची पुतळे आणिले. त्यांस मान, दोन खांदे व दोन मांड्या एवढे पांचच सांधे होते, आणि तेवढ्यावर मुलांच्या एका पिढीनें अवघें अंतराळ लढविलें. आज असे पुतळे जमविणारे संग्राहक घडण, रंग व सांधे यांची बारकाईनें परीक्षा करितात. आपल्या कलासमीक्षेनें ही शिस्त त्यांच्यापासून खुशाल घ्यावी. पण त्यांतीलच कित्येक तो पुतळा खोक्यांतून बाहेर काढीत नाहींत, कारण खोकें उघडलें कीं मोल उतरतें. मग सांध्यांची परीक्षा केली कशासाठीं?

यावर कुणी म्हणेल कीं, जुनी बाहुली नाचवीत राहिल्यास ती झिजून नष्ट होईल. तेव्हां तिला कांचेमागें ठेवणें हेंच शहाणपण. हा आक्षेप खरा आहे आणि मूळ वस्तु जपलीच पाहिजे. परंतु कांच लांकूड आणि रंग राखते; गति राखीत नाहीं. आमच्या पाहण्यांत आलेल्या चिठ्ठ्यांवर उंची, लांकूड आणि शतक लिहिलेलें असतें. सांधे किती, ते खुंटीचे कीं दोरीचे, सूत्रें कोठें बांधलेलीं होतीं, याचा उल्लेख विरळा. ही नोंद असेल तर मूळ बाहुलें विसांव्यास ठेवून त्याची प्रतिकृति नाचवितां येईल. पिंगुळीस गंगावणे कुटुंबानें २००६ सालीं स्थापिलेल्या कलाआंगणांत वस्तुसंग्रह आणि प्रत्यक्ष खेळ हे एकाच आवारांत नांदतात, आणि परशुराम गंगावणे यांस २०२१ चा पद्मश्री सन्मान मिळाला. म्हणजे मार्ग नवीन शोधावयाचा नाहीं. दाखविलेल्या मार्गानें जावयाचें आहे.

दायमाबादचा हत्ती चाकें गमावूनही सुंदर आहे. त्याच्या पाटाखालीं आंस कसा बसत असे, हें आपणांस कळतें तें त्याच्या शेजारीं रेडा चाकांसह उरला म्हणून. ज्या बाहुल्याशेजारीं असा साक्षीदार उरणार नाहीं, त्याचें काय? सूत्रें बांधणारे हात आज आहेत. तोंवरच त्यांस विचारून, मोजून, रेखाटून घेणें हें संग्राहकाचें, संग्रहालयाचें आणि इतिहासकाराचें समान कर्तव्य आहे. घडण आणि रंग थोडा काळ वाट पाहतील; सांधा वाट पाहत नाहीं.