गोदाकाठचा मुक्काम

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. गेवराई, माजलगाव आणि परळी तालुक्यांतली गावे तिच्या उजव्या काठावर आहेत. पलीकडे जालना आणि परभणी जिल्हे लागतात. परगावच्या माणसाने या काठावर येऊन चार दिवस राहण्याची रीत निदान सातशे वर्षांची आहे. कारणे स्नानाची, दर्शनाची, पितरांच्या विधींची, नाहीतर पाणी ओसरण्याची वाट पाहण्याची असत. नदीकाठी मोकळ्यावर राहण्याचा आनंदही त्यात होता, आणि जुन्या मराठी गद्यात त्याची नोंद सापडते.

ही नोंद महानुभाव पंथाची आहे. तेराव्या शतकात पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी गोदाकाठच्या गावांतून फिरले. ते कुठे उतरले याचे तपशील ‘लीळाचरित्रा’त येतात आणि चौदाव्या शतकातल्या ‘स्थानपोथी’ने त्या जागा गाववार टिपून ठेवल्या. देऊळ कोणत्या दिशेला, मठाचे दार कोणीकडे, नदी कुठे, हे सारे तिच्यात आहे. राहण्याचे प्रकारही वेगळे केले आहेत: अनेक दिवसांचा मुक्काम ते अवस्थान, रात्रीपुरता थांबा ती वसती, घटकाभर बसणे ते आसन, आणि रमतगमत फिरणे ते विहरण. उतरण्याच्या जागा म्हणजे गावाबाहेरची देवळे आणि मठ. भाडे घेऊन खोली देणारा यजमान या चित्रात नाही. प्रवाशांच्या निवाऱ्याकडे इतक्या आस्थेने पाहणारे लेखन मराठीत नंतरही क्वचितच झाले.

या स्थानांपैकी गेवराई तालुक्यातले पांचाळेश्वर आजही जागते आहे. तिथले आत्मतीर्थ गोदावरीच्या पात्रातच असून दत्तात्रेय रोज दुपारच्या भोजनाला तिथे येतात अशी श्रद्धा आहे. मोठा पूर आला की देवळाला पाण्याचा वेढा पडतो. शेजारच्या राक्षसभुवनाला शनीचे जुने ठाणे आहे आणि शनी अमावस्येला तिथे मोठी गर्दी होते.

राक्षसभुवनाचे नाव इतिहासात आले तेही नदीकाठच्या एका मुक्कामामुळेच. 1763 च्या पावसाळ्यात मराठ्यांशी लढणारा हैदराबादचा निजामअली सैन्याचा मोठा भाग घेऊन नदी उतरून गेला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण काठावर राहिला. गोदावरीला पूर होता. 10 ऑगस्टला माधवराव पेशव्यांनी या तळावर हल्ला केला. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि पलीकडे असलेल्या निजामाला मदत धाडता आली नाही. पुढच्या तहात त्याला 82 लाखांचा मुलूख द्यावा लागला. भरल्या नदीच्या काठी तळ ठेवणे किती धोक्याचे, याचे मराठ्यांच्या इतिहासात याहून ठळक उदाहरण मिळणे अवघड आहे.

माजलगाव तालुक्यातल्या पुरुषोत्तमपुरीची तऱ्हा निराळी. यादव राजा रामचंद्र याचा शके 1232 चा, म्हणजे इसवी सन 1310 चा, ताम्रपट इथे मिळाला. राजाचा मंत्री पुरुषोत्तम याला दिलेल्या गावांची आणि त्याच्या नावाने वसलेल्या अग्रहाराची माहिती त्यात आहे. अधिक मासाचा अधिपती पुरुषोत्तम, म्हणजे विष्णू, मानला जातो आणि त्याचे देऊळ इथे आहे, म्हणून त्या महिन्यात भाविक इथे लोटतात. यात्रा दर वर्षी येत नाही. साधारण 32 ते 33 महिन्यांनी येते आणि महिनाभर चालते. शिवाय तिचा ऋतू पक्का नाही. 2018 चा अधिक ज्येष्ठ मे-जूनच्या उन्हात आला, 2023 चा अधिक श्रावण भर पावसाळ्यात. 2020 चा अधिक आश्विन आला तेव्हा कोरोनाच्या साथीमुळे राज्यातली देवळेच बंद होती. अशा यात्रेवर बारमाही चालणारा खोल्यांचा धंदा उभा राहणे कठीण. यात्रेकरूंच्या मुक्कामाला साजतात त्या देवळाच्या ओवऱ्या, धर्मशाळा, ओळखीच्या घरची पडवी आणि उघड्यावरची पाले. तीन दगडांची चूल मांडायची, बांधून आणलेला शिधा शिजवायचा, पहाटे घाटावर उतरायचे, असा हा मुक्काम असतो.

सिंदफणा गोदावरीला मिळते त्या मंजरथला लोक विधींसाठी येतात. नदीच्या काठापासून दूर, बालाघाटाच्या डोंगरात, विंचरणेचा सौताड्याचा धबधबा आणि मन्मथस्वामींच्या समाधीचे कपिलधार ही ठिकाणे आहेत. सौताड्याला श्रावणात आणि कपिलधारला कार्तिक पौर्णिमेला गर्दी होते. सौताड्याला येणारी बहुतेक माणसे सकाळी येऊन संध्याकाळी परततात.

1976 मध्ये पैठणचे जायकवाडी धरण पुरे झाले आणि खालच्या काठाचे पाणी दरवाजांच्या हाती गेले. पूर्वी यात्रेकरू पाऊस पाहून निघत. आता विसर्गाची बातमी ऐकावी लागते. उन्हाळ्यात बंधाऱ्यांखेरीज इतरत्र पात्र कोरडे पडते. ऑगस्ट 2006 आणि सप्टेंबर 2025 मध्ये सोडलेल्या पाण्याने काठची गावे हवालदिल झाली. वाळूच्या बेसुमार उपशाने पात्रात खड्डे पडतात, आणि ओळखीच्या उतारावर पोहायला उतरणेही त्यामुळे जिवावरचे होऊ शकते.

राज्याने 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले, त्यामुळे शेतकऱ्याला शेतातच पाहुण्यांची सोय करता येते. बारामतीजवळच्या पळशीवाडीत असे केंद्र 2005 पासून चालले. गोदाकाठावरही हे जमण्यासारखे आहे, पण पात्रालगत पक्क्या खोल्या बांधून नव्हे. नदी आणि निळी पूररेषा यांच्या मधल्या पट्ट्यात बांधकामाला मनाई आहे, आणि ती रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आहे. जुन्या रीतीत पाले पाण्याजवळ पडत आणि पूर यायच्या आधी उचलली जात. पक्का निवारा उंचावर असे. नव्या मुक्कामांनीही हीच मांडणी पाळावी. सरकारी पैसा खर्चायचा असेल तर तो आधी पांचाळेश्वर आणि पुरुषोत्तमपुरीच्या घाटांवर, स्वच्छतागृहांवर आणि धर्मशाळांवर खर्चावा, कारण तिथे येणारा माणूस गरीब आहे आणि सातशे वर्षांचा हा मुक्काम त्याच्यासारख्यांनीच टिकवला आहे.