सेरेब्रल पाल्सी : उपचारांचे संशोधन

सेरेब्रल पाल्सी (मेंदूचा पक्षाघात) : गर्भात, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात वाढत्या मेंदूला इजा झाल्यामुळे हालचाल आणि शरीराची ठेवण यांत कायमचा बिघाड राहणाऱ्या अवस्थांचा समूह. मेंदूतील इजा पुढे वाढत नाही. मूल मात्र वाढते, स्नायू आखडतात, खुब्याचे हाड सांध्यातून सरकू लागते, आणि त्रासाचे रूप वयाबरोबर बदलत जाते. फिट येणे, बोलण्यात व गिळण्यात अडचण, दृष्टी वा श्रवण कमी असणे अशा तक्रारी अनेकदा सोबत असतात. झालेली इजा पुसून टाकणारा उपचार आज नाही. त्यामुळे संशोधन चार प्रश्नांभोवती फिरते : इजा टाळता येईल का, झालेली इजा लवकर ओळखता येईल का, मुलाची हालचाल व सहभाग कशाने वाढेल, आणि एका देशात सिद्ध झालेला उपचार दुसऱ्या देशातील मुलांना लागू पडतो का. या नोंदीत जगभरातील संशोधनाबरोबर मुंबई, गडचिरोली आणि पालघर जिल्ह्यातील चिंचणी-बोईसर परिसर यांचा विचार केला आहे.

प्रकार व प्रमाण : स्नायू ताठर राहणारा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. अवयवांची अनावर हालचाल होणारा आणि तोल जाणारा असे आणखी दोन मुख्य प्रकार आहेत. भारतात हजार मुलांमागे सुमारे तीन मुलांना हा विकार असल्याचा अंदाज आहे. श्रीमंत देशांत हे प्रमाण हजारी दोनच्या आत आले आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ साली मुलाच्या हालचालीच्या क्षमतेचे पाच स्तर ठरवले : पहिल्या स्तरावरील मूल आधाराशिवाय चालते, पाचव्या स्तरावरील मुलाला मान सावरण्यासाठीही आधार लागतो. सारख्या क्षमतेच्या मुलांची आपसांत तुलना या स्तरांमुळे शक्य झाली.

इतिहास : इंग्रज शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ साली लंडनच्या प्रसूतिशास्त्र संस्थेपुढे निबंध वाचून अवघड बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मताना श्वास कोंडणे यांचा मुलांतील ताठरपणाशी संबंध जोडला. पुढे बराच काळ या विकाराला ‘लिटलचा रोग’ म्हणत. मनोविश्लेषणाकडे वळण्यापूर्वी मज्जारोगतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९७ च्या ग्रंथात वेगळी शंका मांडली : अवघड बाळंतपण हे कारण नसून गर्भातच सुरू झालेल्या बिघाडाचा परिणाम असू शकेल. इजा कधी झाली, हा वाद आजच्या चाचण्यांतही जिवंत आहे.

मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ साली स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन करून कुलाब्यात या मुलांसाठी शाळा सुरू केली. त्यांची कन्या मालिनी चिब यांना हा विकार असल्याने घरचा अनुभव या कामाच्या मुळाशी होता. शिक्षण आणि थेरपी एकाच छताखाली आणणारी ही संस्था आता ‘अडॅप्ट’ नावाने ओळखली जाते. मालिनी चिब यांनी पुढे उच्च शिक्षण घेतले आणि आत्मचरित्र लिहिले. उपचाराचे यश मूल किती पावले चालले यावरच न मोजता ते शिकले का, लोकांत मिसळले का, यावरही मोजले पाहिजे, हा विचार अशा कामातून रुजला.

इजा टाळण्याचे संशोधन : सर्वांत ठोस निष्कर्ष याच क्षेत्रातले आहेत. खूप अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण जवळ आले असता आईला शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट दिल्यास बाळाला सेरेब्रल पाल्सी होण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो, असे २००९ सालच्या एकत्रित विश्लेषणात दिसले. त्यात पाच चाचण्यांतील सहा हजारांहून अधिक बाळांची माहिती होती. सुमारे ६३ बाळांमागे एक बाळ या विकारापासून वाचते, असा त्याचा हिशेब. कमी वजनाच्या बाळांचा श्वास अडखळू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या कॅफीनच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत (२००७) औषध मिळालेल्या बाळांत हा विकार ४·४ टक्के, तर न मिळालेल्यांत ७·३ टक्के आढळला. नवजात बाळाच्या तीव्र काविळीवर वेळेत प्रकाशोपचार वा रक्तबदल केल्याने अनावर हालचालींचा प्रकार अनेक देशांत दुर्मीळ झाला.

महाराष्ट्रातील महत्त्वाचे काम गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास देणे हा त्याचा एक भाग होता. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. मोजमाप मृत्यूचे होते, अपंगत्वाचे नव्हे. तरीही जन्मानंतरची पहिली काही मिनिटे घरातल्या घरात सांभाळता येतात, हे त्यातून सिद्ध झाले.

शीतोपचार आणि हेलिक्स चाचणी : जन्मताना श्वास कोंडलेल्या बाळाचे शरीर तीन दिवस ३३·५ अंश सेल्सियसवर थंड ठेवल्यास मेंदूतील पेशींचा पुढचा नाश थांबतो, या कल्पनेच्या चाचण्या २००५ पासून श्रीमंत देशांत यशस्वी ठरल्या. अकरा चाचण्यांतील १,५०५ बाळांच्या एकत्रित विश्लेषणात (२०१३) मृत्यू किंवा गंभीर अपंगत्वाचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी दिसला. तेथे हा उपचार नित्याचा झाला, आणि भारतातही अनेक नवजात अतिदक्षता विभागांत तो सुरू झाला.

हाच उपचार आपल्याकडे चालतो का, हे तपासण्यासाठी भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथील सात मोठ्या विभागांत २०१५ ते २०१९ या काळात हेलिक्स चाचणी झाली. मुंबईचे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय त्यांपैकी एक होते. ४०८ बाळांना चिठ्ठी टाकल्यासारख्या यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागले : एका गटाला नेहमीच्या शुश्रूषेबरोबर शीतोपचार, दुसऱ्याला फक्त नेहमीची शुश्रूषा. मुले दीड वर्षाची झाल्यावर तपासणी झाली. मृत्यू किंवा मध्यम-तीव्र अपंगत्व शीतोपचार गटात ५० टक्के, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के निघाले. म्हणजे फायदा नव्हता. मृत्यूचे प्रमाण मात्र शीतोपचार गटात ४२ टक्के आणि दुसऱ्या गटात ३१ टक्के होते. २०२१ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये हे निष्कर्ष मांडताना संशोधकांनी अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत हा उपचार देऊ नये, अशी शिफारस केली. आपल्याकडील अनेक बाळांची इजा प्रसूतीच्या बऱ्याच आधी सुरू झालेली असावी आणि त्यामुळे थंडाव्याची योग्य वेळ टळून जात असावी, असे एक स्पष्टीकरण आहे. भारतीय नवजाततज्ज्ञांत शिफारशीबद्दल मतभेद आहेत. बाहेरचा पुरावा जसाच्या तसा स्वीकारला असता तर येथील बाळांचे नुकसान दिसलेही नसते, ही या चाचणीची मोठी शिकवण. तिच्यात मुले सोपवणाऱ्या आईवडिलांचे ऋण पुढच्या प्रत्येक बाळावर आहे.

लवकर निदान : पूर्वी मूल दीड-दोन वर्षांचे होईपर्यंत थांबून निदान करत. आता पाचव्या महिन्याच्या आतही दाट शक्यता सांगता येते, असे २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक लेखाने दाखवले. एमआरआय, मज्जासंस्थेची ठरावीक तपासणी आणि ऑस्ट्रियात जन्मलेल्या हाइन्झ प्रेख्टल यांनी विकसित केलेले बाळाच्या सहज हालचालींचे निरीक्षण ही त्याची साधने. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास उताण्या पडलेल्या निरोगी बाळाचे हातपाय, मान, धड यांत बारीक चुळबुळ दिसते; ती नसणे ही गंभीर खूण आहे. त्यासाठी काही मिनिटांची चित्रफीत पुरते. ती मोबाइलवर घेता येते. ती वाचायला मात्र प्रशिक्षित डोळा लागतो.

उपचारांचा पुरावा : ऑस्ट्रेलियातील आयोना नोवाक आणि सहकाऱ्यांनी २०१३ व २०२० साली उपलब्ध उपचारांचा पुरावा तपासून त्यांना सिग्नलच्या हिरव्या, पिवळ्या व लाल रंगांत मांडले. २०२० च्या आढाव्यात १८२ उपचार होते. हिरव्या गटातील थेरपींचे समान सूत्र असे : मुलाने स्वतः हालचाल करावी, ती त्याच्या रोजच्या गरजेची असावी, आणि सराव भरपूर व्हावा. चांगला हात बांधून दुसऱ्या हाताचा सराव, दोन्ही हातांनी करायच्या कामांचा सराव आणि पालकांनी घरी चालवलेला कार्यक्रम ही त्याची उदाहरणे. याउलट मूल पडून आहे आणि थेरपिस्ट त्याचे अवयव हलवत आहे, अशा निष्क्रिय पद्धतीला आधार मिळाला नाही.

ताठर स्नायूत बोट्युलिनम विषाचे इंजेक्शन काही महिने ताण कमी करते. निवडक मुलांत मणक्यातील मज्जामुळांच्या काही तंतूंचा छेद किंवा मणक्यात बॅक्लोफेन हे औषध सोडणारा पंप उपयोगी पडतो. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून मुलांच्या खुब्यांचे नियमित एक्स-रे घेऊन वेळीच शस्त्रक्रिया करण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि तेथे खुबा निखळणे जवळपास थांबले.

अपुऱ्या पुराव्याचे उपचार : कॅनडात १११ मुलांवर झालेल्या चाचणीत (२००१) एका गटाला उच्च दाबाचा प्राणवायू आणि दुसऱ्याला किंचित दाबाची साधी हवा दिली. दोन्ही गट सारखेच सुधारले. तुलनेचा गट नसता, तर सारे श्रेय प्राणवायूला मिळाले असते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने ६३ मुलांना त्यांच्याच नाळेतील रक्त देऊन केलेल्या चाचणीत (२०१७) एकूण गटांत ठळक फरक निघाला नाही. पेशींची मात्रा जास्त असलेल्या मुलांत सुधारणेचे संकेत होते, म्हणून संशोधन चालू राहिले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या विकारात मूलपेशींचा वापर मंजूर चाचणीतच करता येतो. उपचार म्हणून त्याची विक्री करता येत नाही. चाचणीत सहभागी होण्यासाठी कुटुंबाकडून पैसे मागितले जात असतील, तर तेथेच थांबून चौकशी करावी.

चाचण्यांचे नियम : भारतातील चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही २००७ साली सुरू झाली, आणि २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. नैतिक समितीची मंजुरी, पालकांची माहितीपूर्ण लेखी संमती आणि सात वर्षांवरील समज असलेल्या मुलाचा स्वतःचा होकार आवश्यक असतो. बोलता न येणाऱ्या मुलाचा होकार वा नकार चित्रफलकावरून, नजरेतून वा खुणेतून समजून घेणे हे संशोधकाचे काम आहे.

चिंचणी-बोईसर परिसर : चिंचणी हे डहाणू तालुक्यातील किनाऱ्यावरचे गाव, खाडीपलीकडे तारापूर, आत बोईसरची औद्योगिक वसाहत, आणि पूर्वेकडे वारली, मल्हार कोळी, कातकरी समाजांचे पाडे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात हा भाग येतो. मुंबईची मोठी रुग्णालये येथून शंभर किलोमीटरहून लांब आहेत. आठवड्यातून दोनदा थेरपीसाठी मूल कडेवर घेऊन वाणगाव वा बोईसरहून गाडी पकडायची, तर आईचा दिवस आणि मजुरी दोन्ही बुडतात. म्हणून घरच्या कार्यक्रमाला मिळालेला हिरवा रंग येथे विशेष मोलाचा ठरतो. पश्चिम बंगालमध्ये कोलकात्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सीच्या सहभागाने झालेली लीप-सीपी चाचणी याच दिशेची होती : प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन आईला बाळाच्या रोजच्या खेळांतून सराव शिकवायचा, अशी तिची आखणी.

पालघरमध्ये अशा कामाचे काही दुवे आहेत. डहाणूत राष्ट्रीय प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्थेचे ग्रामीण संशोधन केंद्र आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम (२०१३) अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी करतो आणि आशाताई नवजात बाळाच्या घरी भेटी देतात. ‘जन्मल्यावर रडला नाही’ किंवा ‘अजून मान धरत नाही’ हे आईचे शब्द बहुधा त्यांच्याच कानी आधी पडतात. संशोधनाची आखणी येथील वर्षचक्र पाहून व्हायला हवी. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात; औद्योगिक वसाहतीतील परप्रांतीय कामगारांची बिऱ्हाडेही बदलतात. दीड वर्षांनी फेरतपासणी ठरवणाऱ्या चाचणीत हीच मुले गळतात, आणि निष्कर्ष एका जागी राहू शकणाऱ्या घरांपुरता उरतो. हेलिक्सने देशांमधला फरक दाखवला. तसाच फरक शहर आणि पाडा यांतही असू शकतो. तो कळण्यासाठी भट्टीवर गेलेल्या बाळापर्यंत पोहोचणे हा चाचणीच्या खर्चाचा आणि वेळापत्रकाचा भाग असावा लागतो.