बुराडी घाट

दिल्लीस जाणारा मराठी प्रवासी लाल किल्ला पाहतो, कुतुबमिनार पाहतो. बुराडीकडे सहसा वळत नाही. यमुनेच्या पश्चिमेचे हे जुने गाव राजधानीच्या उत्तर भागातील दाट वस्तीत मिसळून गेले आहे. याच गावच्या घाटावर १० जानेवारी १७६० रोजी, ऐन संक्रांतीला, दत्ताजी शिंदे पडले.

मराठी मनाने तो सारा दिवस एका बाणेदार उत्तरात साठवला. उत्तर तोंडपाठ असते, रणभूमी मात्र डोळ्यांसमोर नसते. नदीपात्रातील उंच गवताच्या बेटांत नजीबखानाचे बंदूकधारी रोहिले दडले होते. शिंद्यांची भिस्त भाल्या-तलवारींवर. शौर्य उणे नव्हते, बंदुका उण्या होत्या. पुतण्या जनकोजी जखमी होऊन निसटला. वर्षभराने, पानिपतानंतर, तोही मारला गेला.

बुराडीपासून जवळच कोरोनेशन पार्क आहे. राजधानी दिल्लीस आणण्याची घोषणा १९११ च्या दरबारात तेथेच झाली, आणि भोवतालची गावे शहराच्या पोटात जाऊ लागली. पंचम जॉर्जचा संगमरवरी पुतळा तेथे ऐसपैस उभा आहे. दत्ताजींची जागा शोधीत आलेल्याला ओळखीचे असे गावाचे नाव तेवढे भेटते.