मागच्या वर्षीची यादी

आपली बॅच १९८१ ची. शाळा सुटून दोन वर्षे झाली होती, तरी जून १९८३ मध्ये बारावीचा निकाल लागल्यावर आपण बरेच जण पुन्हा शाळेच्या पायऱ्यांवर जमलो होतो. सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न : इंजिनीअरिंगला नंबर लागेल का?

आपल्या सरांच्या पिढीला हाच प्रश्न वेगळ्या रूपात पडला होता. तेव्हा अकरावीला मॅट्रिक, मग कॉलेज, आणि इंटर सायन्सच्या गुणांवर प्रवेश. राज्यात नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी १९७५ ला झाली आणि पहिली बारावी १९७७ ला. तेव्हापासून भौतिक, रसायन आणि गणित या तीन विषयांची ३०० पैकी बेरीज म्हणजेच मुलाचे भविष्य, असे होऊन बसले. कॉलेजे मात्र मोजकीच. पुण्याचे १८५४ पासूनचे, मुंबईचे व्हीजेटीआय १८८७ चे, सांगलीचे वालचंद १९४७ चे, कराडचे १९६० चे. आपल्या भागात हीच नावे घेतली जात.

अंदाज बांधायला साधन एकच : मागच्या वर्षीची यादी. शेवटचा प्रवेश किती गुणांवर बंद झाला, तो आकडा कुणीतरी एसटीने जाऊन नोटीस बोर्डावरून वहीत उतरवून आणायचा. त्या वर्षी तो मी आणला होता. माझ्या बाकावरच्या मित्राला त्या आकड्यापेक्षा चार गुण कमी होते. मी गणितातला हुशार! ठासून सांगितले, "तुझा नंबर लागत नाही. अर्जाचे पैसे कशाला घालवतोस?" त्याच्या घरी तेवढे पैसेही मोजूनच खर्च होत. त्याने अर्ज भरला नाही, बीएस्सीला नाव घातले.

यादी लागली. त्याच्यापेक्षा दोन गुण कमी असलेला मुलगा आत गेला होता.

माझे काय चुकले ते मला पुष्कळ उशिरा समजले. मागच्या वर्षीचा आकडा म्हणजे भिंत नव्हे. त्या वर्षी जागा कुठे संपल्या, एवढीच ती खूण. खरा हिशेब तीन गोष्टींचा : जागा किती, आपल्या पुढे किती जण, आणि त्यांतले दुसरीकडे जाणार किती. तिसरी गोष्ट मी धरलीच नव्हती. पुढच्यांतले काही मेडिकलला जातात, काही आयआयटीला. शिवाय त्याच १९८३ साली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, विनाअनुदानित खासगी इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. पुण्यात आणि कोल्हापुरातही नवी कॉलेजे उघडली. फी भरायची ऐपत असणाऱ्यांना नवी दारे उघडत होती, आणि मी मात्र जुन्या यादीवर बोट ठेवून बसलो होतो.

पुढे काळ बदलला. १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्याच्या निकालानंतर 'फ्री सीट' आणि 'पेमेंट सीट' हे शब्द घरोघरी गेले. मग सीईटी आली, आणि २०१९ पासून तिचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागू लागला. ९८ पर्सेंटाइल म्हणजे ९८ टक्के गुण नव्हेत; एक लाख मुले बसली असतील तर सुमारे दोन हजार आपल्या पुढे आहेत, असा त्याचा अर्थ. आता एकाच अर्जात पसंतिक्रम देता येतो. तरीही मागच्या वर्षीचा कटऑफ बघून हवे ते कॉलेज यादीतूनच गाळणारी मुले मला दरवर्षी भेटतात.

तो मित्र पुढे गणिताचा शिक्षक झाला आणि नावारूपाला आला. त्याची परवानगी घेऊनच हे लिहितो आहे. मेळाव्याच्या निमित्ताने फोनवर चाळीस वर्षांनी त्याची माफी मागितली, तर तो हसला. म्हणाला, "अरे, मी वर्गात दरवर्षी तुझे उदाहरण देतो. नाव सांगत नाही. पोरांना म्हणतो, अर्ज आधी भरा, हिशेब मग करा."