बारा पंचमांचा हिशेब

पंचमाची कंपनसंख्या षड्जाच्या दीडपट असते. पंचमाचा पंचम, त्याचा पंचम असे बारा टप्पे चढलो, की सात सप्तके वर पुन्हा षड्ज भेटायला हवा. पण १.५ चा बारावा घात १२९.७५ येतो आणि २ चा सातवा घात १२८! ही तफावत कुठे मुरवायची?

युरोपातील जुन्या जुळणीत गांधार गोड राहावा म्हणून अकरा पंचम किंचित उतरवत. मग बारावा इतका बेसूर होई, की त्याला ‘लांडगा’ म्हणत. त्यामुळे दूरच्या पट्ट्या वर्ज्य ठरत.

शेजारच्या पट्टीत जाणे मात्र सोपे. प-नी-रे-म हा मेळ ऐकला, की कान सा-ग-प ची वाट पाहतो. शुद्ध मध्यमाऐवजी तीव्र मध्यम घेऊन रे-म-ध-सा वाजवा. आता कान पंचमालाच षड्ज मानू लागतो. एकच स्वर बदलला!

१७२२ साली रामोने पॅरिसमध्ये या स्वरमेळांचे शास्त्र ग्रंथरूपाने मांडले. त्याच वर्षी जर्मनीत बाखने चोवीसही पट्ट्यांतील रचनांची वही सिद्ध केली. त्यासाठी तफावत अनेक पंचमांत वाटणारी जुळणी आवश्यक होती. अगदी समान वाटणीचे गणित, म्हणजे २ चे बारावे मूळ, चीनमध्ये झू झाइयूने १५८४ मध्येच मांडले होते.

या समान वाटणीत गांधार १.२५ ऐवजी १.२६ होतो. आपली हार्मोनियम बहुधा अशीच जुळवलेली असते. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये तिच्यावर घातलेली बंदी १९७१ मध्ये सैल झाली. तिच्या अचल स्वरांवरचा आक्षेप हे त्या बंदीचे एक कारण होते.

वर्गात मुलांना १.५ चा बारावा घात स्वतः काढू द्यावा. उत्तर १२८ का येत नाही, हा प्रश्न तीच विचारतील.