पावती एकाची, बावटा दुसऱ्याचा

दिवाळी आणि बोनस ही जोडी आपल्या मध्यमवर्गीय घरांत आता इतकी रुळली आहे की, फराळाच्या यादीबरोबरच बोनसचाही हिशेब मांडला जातो. परंतु मुंबईच्या गिरणगावात बोनस हा शब्द फार महाग होता. १९२४ चा मोठा संप बोनसवरून झाला, १९५० चा बोनसवरून झाला, आणि ज्या संपानंतर गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले नाही, त्या १९८२ च्या संपाची ठिणगीही १९८१ च्या दिवाळीच्या सुमारास बोनसवरूनच पडली.

बोनस किती द्यायचा, हा वाद मालक आणि मजूर यांच्यामधला. तो सर्वांना दिसतो. पण त्याच्या पाठीमागे आणखी एक वाद सतत धुमसत असे, आणि तो होता मजुरांच्याच घरातला. मालकापुढे जाऊन आमच्या वतीने बोलायचे कोणी? कोणाची सही आम्हाला बांधील? लाल बावट्याची की तिरंग्याची, समाजवाद्यांची की डॉक्टरांची? या दुसऱ्या वादाची कहाणी सहसा सांगितली जात नाही. ती सांगितल्यावाचून मात्र गिरणगावाचा उदय आणि अस्त या दोहोंचा उलगडा होत नाही.

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांनी ताडदेवला धुराडे पेटले. त्यानंतर पाऊणशे वर्षांच्या आत परळ, लालबाग, भायखळा, नायगाव, शिवडी हा सगळा मुलूख भोंग्यावर उठू-बसू लागला. रत्नागिरी आणि साताऱ्याकडची हजारो माणसे चाळीतल्या एकेका खोलीत दाटीने राहू लागली. एकाची पाळी सुटली की त्याच्या जागेवर दुसऱ्याने पथारी टाकायची, अशी ती वस्ती. कामावर घेणारा जॉबर आणि कामावरून काढणाराही जॉबरच. या माणसाला स्वतःचा म्हणून आवाज नव्हता. तो प्रथम दुसऱ्यांनी दिला. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी-मजुरांची गाऱ्हाणी वेशीवर टांगली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली. पुढे १९०९ मध्ये कामगार हितवर्धक सभा निघाली. ही सारी मंडळी थोर खरी, पण त्यांच्या संस्थांना सभासदांच्या वर्गणीचा आणि वहीचा पाया नव्हता. त्या मजुरांसाठी होत्या, मजुरांच्या नव्हत्या.

ट्रेड युनियन कायदा १९२६ साली झाला, आणि पुढच्या दोन वर्षांत गिरणगावाला एकाऐवजी अनेक आवाज फुटले. एकीकडे ना. म. जोशी यांची बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन. जोशी हे सनदशीर मार्गाचे, सावकाश पाऊल टाकणारे, आकडे आणि अर्ज यांवर विश्वास असलेले गृहस्थ. दुसरीकडे गिरणी कामगार महामंडळ. ते खुद्द गिरणीत राबणाऱ्यांनी १९२३ मध्ये उभे केलेले, आणि अर्जुन आत्माराम आळवे हे त्याचे पुढारी. तिसरीकडे डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर ही तरुण कम्युनिस्ट मंडळी. त्यांच्यापाशी वही नव्हती, पण दारासभेत हजारोंना धरून ठेवील अशी वाणी होती.

अशा स्थितीत मालकांनी विणकराला दोन साच्यांऐवजी तीन साचे सांभाळायला लावण्याची पद्धत आणली. साचे वाढणार म्हणजे माणसे कमी होणार, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही. २६ एप्रिल १९२८ पासून सार्वत्रिक संप सुरू झाला आणि सुमारे दीड लाख माणसे बाहेर आली. जोशीबुवांना या वेळी सार्वत्रिक संप नको होता. महामंडळात फूट पडली, आणि तिच्यातून २२ मे रोजी लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन जन्माला आली. आळवे अध्यक्ष, डांगे सरचिटणीस. नोंदणीच्या वेळी सभासद होते ३२४!

आता प्रतिस्पर्ध्यांनी काय करावे? एकमेकांचे पाय ओढावेत, हे सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. जोशी आणि डांगे एका संयुक्त संप समितीत बसले, सतरा मागण्या ठरल्या, आणि सहा महिने ही अवघड मोट त्यांनी सांभाळली. संप ऑक्टोबरात मिटला आणि मागण्या फॉसेट समितीपुढे गेल्या. वर्षअखेर लाल बावट्याचे सभासद झाले ५४,०००. ही वाढ कोणत्या सरकारी मान्यतेने झालेली नव्हती. दोन्ही घरे पाहून मजुराने आपल्या मनाने एक निवडले होते. आणि निवडलेले घर सोडायलाही तो मोकळा होता. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी पुढारी पकडले गेले, त्यानंतरचा संप फसला, आणि ती प्रचंड सभासदसंख्या काही वर्षांतच ओसरली.

या चित्रात एक माणूस अजून आलेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्येच एक बोचरा प्रश्न विचारला. अस्पृश्य मजुरांना विणाईखात्यात का घेत नाहीत? त्या खात्यात पगार अधिक. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागते आणि म्हणून विटाळ होतो, असे कारण पुढे केले जाई. मालकांशी भांडणाऱ्यांच्या स्वतःच्या रांगेतली ही भिंत होती, आणि ती पाडण्याची मागणी कोणीतरी बाहेरून केल्याशिवाय मागण्यांच्या यादीत येत नव्हती. १९२९ च्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला. हातावर पोट असलेल्या आपल्या माणसांना पुन्हा उपाशी ठेवायचे कशासाठी, हा त्यांचा सवाल होता. एकच संघटना हवी, एकच आवाज हवा, असे जे नेहमी म्हटले जाते, त्यांनी या प्रसंगाचा विचार करावा. एकाच आवाजात कित्येकदा कोणाचा तरी आवाज बुडालेला असतो.

परंतु हेच बाबासाहेब १९३८ साली डांगे यांच्याबरोबर उभे राहिले. मुंबई सरकारने औद्योगिक कलहाचे बिल आणले. त्यात तडजोडीची वाट चोखाळल्याखेरीज संप करणे हा गुन्हा ठरणार होता. काम नाकारणे हा फार तर करारभंग, त्याला तुरुंग कसला, असा बाबासाहेबांचा युक्तिवाद होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. बिल मंजूर व्हायचे ते झालेच. तरीसुद्धा दहा वर्षे एकमेकांवर टीका करणारे दोन पक्ष गरज पडताच एका व्यासपीठावर येऊ शकतात, हे गिरणगावाने दुसऱ्यांदा पाहिले.

यानंतर कहाणीला वळण लागते. १९४५ मध्ये काँग्रेसच्या विचाराचा राष्ट्रीय मिल मजदूर संघ निघाला. गं. द. आंबेकर हे त्याचे प्रमुख नेते. १९४६ मध्ये मुंबई औद्योगिक संबंध कायदा झाला, त्या वेळी प्रांताचे मजूरमंत्री होते गुलझारीलाल नंदा. कायद्यामागचा हेतू वाईट नव्हता. एका धंद्यात, एका शहरात, मजुरांच्या वतीने बोलणारी प्रातिनिधिक संघटना एकच असावी. तिने केलेला करार सर्वांना लागू व्हावा. रोज नव्या पुढाऱ्याने नवी मागणी घेऊन गिरणी बंद पाडू नये. मालकालाही निश्चिती, मजुरालाही निश्चिती.

गोम होती ती प्रतिनिधी ठरवण्याच्या रीतीत. मते घ्यायची नव्हती. वह्या तपासायच्या होत्या. वर्गणीच्या पावत्या मोजून ठरलेल्या टक्क्यांइतके सभासद असले की शिक्का मिळे. हे प्रमाण पुढे पंचवीस टक्के झाले. म्हणजे शंभरांतले पंचवीस कागदावर असले, तर उरलेल्या पंचाहत्तरांच्या वतीनेही बोलण्याचा हक्क. शिवाय मुंबईतल्या सगळ्या कापडगिरण्या मिळून घटक एकच. एखाद्या गिरणीतले यच्चयावत मजूर दुसऱ्या संघटनेकडे गेले, तरी त्या गिरणीपुरतेही तिला मालकाशी बोलता येऊ नये! शिक्का राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाला आणि त्याच्याकडेच राहिला.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही येथे न्यायाने मांडले पाहिजे. जो महिन्याला वर्गणी भरतो त्याचीच निष्ठा खरी. गुप्त मतदान घेतले तर जो अधिक मोठे वचन देईल त्याच्याकडे लोक एका सभेत वाहवत जातील, असे संघाच्या बाजूचे लोक म्हणत. यात तथ्य नाही असे नाही. न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय श्रम आयोगानेही १९६९ मध्ये पावती की मतपेटी याचा एकच ठाम निवाडा केला नाही.

पण गिरणगावाने आपला निवाडा वारंवार दिला. ऑगस्ट १९५० मध्ये समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनससाठी हाक दिली आणि सुमारे दोन लाख माणसे ६३ दिवस बाहेर राहिली. हाती काही लागले नाही, कारण सभेला कायद्याने बोलण्याचा अधिकारच नव्हता. १९५९ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेवर डाव्यांनी एकत्र येऊन मुंबई गिरणी कामगार युनियन काढली. शिक्का तिलाही मिळाला नाही. १९७४ मध्ये डांगे यांच्या नेतृत्वाखाली ४२ दिवसांचा संप झाला. संपाच्या काळात मजुरांना उधारीवर जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका मात्र कर्जात बुडाल्या. त्यांच्याच हालअपेष्टांतून १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. पुढाऱ्यांच्या चढाओढीचा हिशेब शेवटी कोणाच्या चुलीपाशी येऊन थांबतो, हे यावरून समजावे.

मजुराच्या खिशात एका संघटनेची पावती आणि हातात दुसरीचा बावटा, अशी ही छत्तीस वर्षे गेली. पावती असली म्हणजे तक्रार पुढे सरकते. बावटा मात्र मनातला. ही दुटप्पी वागणूक त्याच्या स्वभावात नव्हती, ती कायद्याने त्याला शिकवली.

१९८१ च्या बोनसच्या करारावर संघाने सही केली आणि नाराज मजूर घाटकोपरला डॉ. दत्ता सामंत यांच्या दारी गेले. इंजिनिअरिंग कारखान्यांत त्यांनी भरघोस पगारवाढी मिळवून दिल्याची कीर्ती होती. १८ जानेवारी १९८२ रोजी साठाच्या आसपास गिरण्या आणि सुमारे अडीच लाख माणसे थांबली. मागण्यांत पगार होताच. पण संघाची मान्यता काढा आणि हा कायदा रद्द करा, ही मागणी त्याहून कमी महत्त्वाची नव्हती.

मग जे घडले ते एखाद्या गंजलेल्या कुलपासारखे होते. ज्यांच्याशी मालकांनी कायद्याने बोलायचे, त्यांच्या शब्दावर मजूर कामावर येईनात. ज्यांच्या शब्दावर मजूर आले असते, त्यांच्याशी कायद्याने बोलता येईना. सरकार कायदा बदलीना, डॉक्टर मागे हटेनात. महिन्यांमागून महिने गेले, माणसे गावी परतली, घरातली भांडी आणि डोरली गहाण पडली. संप मिटला असे रीतसर कोणी कधी जाहीर केले नाही. एक लाखाहून अधिक माणसांचे काम मात्र कायमचे गेले. गिरण्यांच्या मरणाला जुनाट यंत्रे, भिवंडी-इचलकरंजीचे यंत्रमाग आणि परळच्या जमिनीचा चढता भाव हीही कारणे होती. सगळा दोष संपावर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु तडजोडीचे दार ज्या क्षणी उघडायला हवे होते, त्या क्षणी त्याची किल्ली कोणाच्याच हातात नव्हती.

संघटनांमधल्या चुरशीने गिरणगाव बुडाले, असे आजही सर्रास म्हटले जाते. इतिहास तसे सांगत नाही. १९२८ मध्ये चुरस होती आणि तिच्यातून युनियन वाढली. १९३८ मध्ये चुरस होती आणि तरी दोन्ही बावटे एकत्र आले. तेव्हा दोघांमधून निवडण्याचा हक्क मजुराकडे होता, म्हणून पुढाऱ्यांना त्याच्याकडे पाहून वागावे लागे. तो हक्क वहीकडे गेला, आणि शिक्का असलेल्याला मजुराची गरज उरली नाही, शिक्का नसलेल्याला संपाखेरीज दुसरे साधन उरले नाही.

संसदेने २०२० साली औद्योगिक संबंध संहिता मंजूर केली. कारखान्यातले एकावन्न टक्के मजूर ज्या संघटनेचे सभासद, तिने एकटीने वाटाघाटी कराव्यात. असे बहुमत कोणाचेच नसेल तर निदान वीस टक्के सभासद असलेल्या संघटनांनी परिषद करून एकत्र बसावे, असे तिच्यात म्हटले आहे. पंचवीसांवरून एकावन्नांवर आलो, हे पाऊल पुढचेच. परळला आता धुराडी थोडी आणि मनोरे फार. तेथे ज्यांनी साचे चालवले त्या माणसांना एवढेच विचारायचे राहून गेले होते, की बाबांनो, तुमच्या वतीने बोलायचे कोणी? विचारले असते तर उत्तर त्यांच्यापाशी होते.